मुक्कामाचा सूर

रत्नागिरीत कुठल्याही कार्यक्रमात कोणी कोणाला 'श्शऽ' केलं, की तिसऱ्या-चौथ्या रांगेतून एक उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस उठून उभा राहतो आणि गप्प करणाऱ्याला गप्प करतो.

"कोण तो? श्श कोणी केला? बोलू दे की त्यांना! तोंड दाबू नका कोणाचा!"

हे सगळं अशा आवाजात, की मुळात ज्या कुजबुजीवरून हे घडलं ती त्यापुढे ध्यानधारणा वाटावी. गायिका थांबते. तबलजी उगाच हातोडी शोधतो. व्याख्याते पाणी पिऊन घेतात. मग तो माणूस स्टेजकडे हात करून "हां, चालू द्या. डबल बेल!" असं म्हणतो आणि खाली बसतो. कार्यक्रम पुढे सुटतो.

हे आमचे शेजारी भाऊ शिवलकर. बस स्टँडवर कंट्रोलर होते. काचेच्या खिडकीमागे बसून "लक्ष द्या, देवरुखला जाणारी गाडी फलाटाला लागत आहे" असं सांगणारा जो आवाज रत्नागिरीकरांनी वर्षानुवर्षं ऐकला आणि ज्याच्याकडे कधीही लक्ष दिलं नाही, तो भाऊंचा. निवृत्तीनंतर खिडकी सुटली, पण गाड्या सुटल्या नाहीत. पोळी झाली की त्यांच्या भाषेत पोळी फलाटाला लागते. आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं लग्न जमेना, तर भाऊ तिच्या वडिलांना म्हणाले, "काळजी करू नका, गाडी घाटात आहे, येते." आणि गाडी आली. जरा उशिरा आली, पण ते घाटातल्या सगळ्याच गाड्यांचं असतं.

भाऊंच्या त्या उठून उभं राहण्याचा मला इतरांपेक्षा जास्त त्रास होतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. श्श करण्याचा मला पगार मिळत असे.

आणि खरी गंमत पुढे आहे. पूर्वी हेच भाऊ श्श करण्यात माझ्याही वरचढ होते. संगीत नाटक असो की शाळेचं स्नेहसंमेलन, भाऊ ताठ बसलेले असत आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्यांच्याकडून एक बारीक, धारदार 'श्शऽ' येई. तो बहुतेक वेळा त्यांच्या बायकोला उद्देशून असे.

सुमतीवहिनींना श्श करणं म्हणजे भरतीला श्श करणं. वहिनी हर्णै बंदरातल्या. संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात, होड्या लागल्यावर वाळूत उभं राहून ज्यांचे आवाज तयार होतात, त्यातला त्यांचा आवाज. त्यांना काहीही आवडलं, की त्या म्हणत, "वा रे पुता!" हे नातवंडांपुरतं नव्हतं. कुकरनं वेळेवर शिट्टी दिली, वा रे पुता. कलमाला पहिला मोहोर आला, वा रे पुता. टीव्हीवर कोणी षटकार मारला, तो मारणारा कुठल्या देशाचा आहे हे न बघता, वा रे पुता. मी एकदा त्यांच्या अंगणात स्कूटर एका झटक्यात वळवली, तर मलाही वा रे पुता. मी तेव्हा पन्नाशीची होते.

'वा'वर जोर, 'रे' जरा ओढलेला, आणि 'पुता' असं, की जणू समोरच्याच्या पाठीवर हात पडला. नाटकातल्या नायिकेनं प्राण सोडतानाचं पद चांगलं म्हटलं, तेव्हाही वहिनींनी वा रे पुता म्हटलं. भाऊंनी श्श केलं. नायिका मरता मरता हसली.

भाऊंची मुलगी मेधा ऑस्ट्रेलियात ॲडलेडला नर्स आहे. तिच्याकडे भाऊ आणि वहिनी एकदा तीन-चार महिने राहून आले. परत आल्यावर वर्षभरात वहिनी गेल्या. आजार फार लांबला नाही, एवढंच त्यातलं बरं. दिवसकार्य झालं, मेधा परत गेली, आणि भाऊंच्या घरातून तो आवाज यायला लागला.

मला पहिल्या दिवशी वाटलं, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर कोणीतरी ट्रॉलरचं इंजिन गरम करून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी वाटलं, भाऊंचा फ्रीज गेला. तिसऱ्या दिवशी मी विचारायला गेले. भाऊ टेबलावर एक लाडवाएवढा स्पीकर ठेवून त्याच्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते.

"बसा बाई. लक्ष द्या. आता व्हायोलिनं लागतील फलाटाला."

लागली. मोठा वाद्यवृंद होता. सत्तर-ऐंशी माणसं असतील, नुसत्या श्वासावरूनच कळत होतं. आणि त्या सगळ्यांच्या खाली तो आवाज. जाड, खरखरीत, जमिनीला टेकलेला. तो सुरू कधी झाला हे कळत नव्हतं आणि संपण्याचं नाव घेत नव्हता.

"डिजेरिडू," भाऊ म्हणाले. "तिथले जे मूळचे लोक, गोऱ्यांच्या आधीचे, त्यांचा वाद्य. त्यातल्या उत्तरेकडच्या काही लोकांत यिडाकी म्हणतात. ज्याचा वाद्य, त्याचाच नाव घ्यावा खरं तर, पण त्यांच्यात भाषा पुष्कळ, नावा पुष्कळ."

त्यांनी सांगितलं ते असं. निलगिरीच्या जातीचं झाड असतं. त्याचा गाभा वाळवी आतून खाऊन टाकते. मग माणसं रानात जाऊन खोडावर टिचक्या मारत फिरतात आणि कुठलं पुरेसं पोकळ झालंय ते ऐकून तोडतात. पुढचं काम थोडंच राहतं. हे ऐकल्यावर मला आमच्या गल्लीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. इथे वाळवीनं माझी दाराची चौकट खाल्ली, पुस्तकांचं एक अख्खं कपाट खाल्लं, आणि वाद्य एकही दिलं नाही.

"एकच सूर धरून बसलाय की हा," मी म्हटलं. मला जे सुचतं ते मी बोलते. त्याचाही पूर्वी पगार मिळत असे.

"बाई, देवळात सनई ऐकलात ना? एक जण वाजवतो, आणि दुसरा नुसता सूर धरून बसतो. लोक त्या दुसऱ्याकडे बघतपण नायत. पण तो थांबला तर पहिल्याचा काय होईल? बाकीची वाद्या म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या. ही मुक्कामाची."

मुक्कामाची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात जाऊन रात्रभर तिथेच उभी राहणारी आणि पहाटे निघणारी. ज्या गावात ती येते, तिथल्या लोकांना तिचं काय वाटतं हे शहरात सांगून कळत नाही.

असे ऐकण्याचे प्रसंग मग आमच्या गल्लीत नित्याचे झाले. दूध टाकणारा, गॅस सिलेंडरवाला, वर्गणी मागायला आलेली मुलं, सगळ्यांना ती रचना ऐकून जावं लागे. मुलांनी एक वर्ष त्या घराची वर्गणी सोडून दिली. भाऊ मध्येमध्ये वाहतूक सांगत. "आता तुतारीवाले आले बगा, विनाथांबा." "हा ढोल, ही जादा गाडी." आणि एक जागा आली, की म्हणत, "आता बगा. सगळी व्हायोलिनं साइडला घेतली. घाटात समोरून मोठी गाडी आली की घेतात तशी. कोणी हॉर्न मारत नाय. जाऊ देतात."

तिथे खरोखरच एवढा मोठा वाद्यवृंद हळूहळू बाजूला होत होत नाहीसा होई आणि तो एक सूर उरे. आणि मग कळे, की तो एक नव्हताच. त्यात कुठेतरी पक्षी ओरडे, कोणीतरी हसे, काहीतरी धावत जाई. वाजवणारा फुंकता फुंकताच घशातून हे सगळं आणत होता. "एकच सूर आहे, पण त्यात वस्ती आहे," असं भाऊ एकदा म्हणाले. मी हे वाक्य माझं म्हणून पुढे दोन ठिकाणी वापरलं.

त्या जागी पोहोचलं, की भाऊ बोट वर करत. स्पीकरकडे नाही, ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. "आता... आता..." सूर थांबे. एक क्षण सगळं शांत. मग व्हायोलिनं परत लागत. भाऊ विचारत, "ऐकलात?"

"हो, छान होतं," प्रत्येक जण म्हणे. भाऊंचं बोट खाली येई. परीक्षेत ज्या प्रश्नाला सगळा वर्ग चुकतो तो प्रश्न मास्तर पुन्हा पुन्हा विचारतात, तसं काहीतरी ते असावं, असा माझा समज होता. मी त्या जागी एकदा काय बोलावं याची तयारी करून गेले होते. पण नेमकं तेव्हाच बाहेर गल्लीत कोणीतरी कोणाला हाक मारल्यासारखं झालं आणि मी खिडकीतून बघायला वळले. गल्लीत कोणी नव्हतं. भाऊ माझ्याकडे टक लावून बघत होते.

"काय झाला?"

"काही नाही. बाहेर कोणीतरी ओरडलं वाटतं."

"अच्छा," भाऊ म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले.

मधल्या काळात त्यांनी श्वासाचा अभ्यास केला. डिजेरिडू वाजवणारा गालात हवा धरून ठेवतो, ती सोडता सोडता नाकानं नवा श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही. आपले सनईवालेही तेच करतात. भाऊंनी नळाच्या कामातून उरलेला प्लॅस्टिकचा पाइप घेतला आणि परसदारी उभं राहून फुंकायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात त्यांची वरची कवळी पाइपात गेली. पाइप जुन्या लाइनीचा, मध्ये एक बाक असलेला. कवळी बाकात अडकली. प्लंबरला बोलावलं. प्लंबरनं पाइप बघितला, भाऊंचं तोंड बघितलं आणि विचारलं, "काका, ही लाइन नेमकी कुठून कुठे जाते?"

पाइप कापून कवळी सोडवली. मी म्हटलं, मेधाला सांगा, तिथून खरं वाद्यच पाठवून देईल. भाऊ एकदम गंभीर झाले.

"नाय बाई. त्यांच्यात ता कोणी, कधी वाजवायचा, त्याचे नियम असतात. आपण काय म्हणून मागवायचा? छत्र्या ठेवायला? मी फक्त तो श्वास कसा घेतो ता बघत होतो. वाजवणारे आहेत ते वाजवतायत. ऐकणारे कमी आहेत."

ऐकणारे वाढवण्यासाठी भाऊंनी आमच्या संगीत मंडळाकडे सभागृह मागितलं. मंडळाकडे चांगले स्पीकर आहेत, पुरुषभर उंचीचे. एका संध्याकाळी ती रचना तिथे लावायची, लोकांनी बसून ऐकायची, एवढंच. मी कार्यकारिणीवर आहे, म्हणजे बैठकीत चहा आला की उठून झाकण काढते. अध्यक्ष दादासाहेबांनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून वाचला.

"डीजेला मंडळाच्या सभागृहात परवानगी देता येणार नाही."

"डीजे नाही, दादासाहेब. डिजेरिडू," मी म्हटलं.

"तेच ते. आज रिडू आहे, उद्या दुसरा कोणी येईल. गणपतीत यांनी काय उच्छाद मांडलाय तो बघताय ना?"

अर्ज नामंजूर झाला. भाऊंनी पुन्हा केला. त्या खेपेला दादासाहेबांना वाद्य समजलं, पण भाऊ आठवले. हा माणूस सभागृहात उभा राहून प्रेक्षकांवर ओरडतो, त्याला कार्यक्रम द्यायचा? पुन्हा नामंजूर.

तिसऱ्या खेपेला भाऊ माझ्याकडे आले. बेल वाजवून मी दार उघडेपर्यंत थांबले. हल्ली त्यांच्या स्वतःच्या दाराची बेल त्यांना ऐकू येत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. कानांचं काहीतरी चाललं होतं.

"बाई, तुमचा शब्द टाका. डॉक्टर म्हणाले, यंत्र लावा, पण जाणारा आवाज जाणारच. जन्मभर इंजिनांच्या शेजारी बसलो ना. वरचे आवाज आधी जातात, खालचे मागून. घरी त्या लाडवातून मला आता नीट येत नाय. एकदा मोठ्या हॉलमध्ये, मोठ्या आवाजात ऐकायचाय. कान आहेत तोवर."

"पण भाऊ, तुमचा डिजेरिडू तर अगदी खालचा. तो शेवटपर्यंत ऐकू येईल तुम्हाला."

"तो येईल हो," भाऊ म्हणाले आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

मी शब्द टाकला. दादासाहेबांनी एका अटीवर मान्य केलं. कोणी कोणाला गप्प केलं, तरी भाऊंनी जागेवरून उठायचं नाही. भाऊंनी वचन दिलं.

त्या दिवशी सभागृहाबाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं होतं, 'आज सायं. ६ वाजता: डीजे रिडू (ऑस्ट्रेलिया)'. कोणी लिहिलं ते अजून कबूल झालेलं नाही. त्यामुळे नेहमीच्या आम्हा वीस-पंचवीस पांढऱ्या डोक्यांखेरीज मागच्या दोन रांगा भरून कॉलेजची पोरं आली. मंडळाच्या इतिहासात एवढी तरुण गर्दी प्रथमच झाल्यानं दादासाहेबांनी भाषण लांबवलं. नादब्रह्म झालं. विश्वबंधुत्व झालं. शेवटी हे वाद्य म्हणजे मुळात आपलंच शिंग असून ते प्राचीन काळी समुद्रमार्गे तिकडे गेलं असावं, असा एक शोध त्यांनी तिथेच लावला.

"त्यांचा त्यांना राहू दे हो," पहिल्या रांगेतून भाऊ म्हणाले. पण बसूनच म्हणाले.

रचना सुरू झाली. मी बायकांच्या बाजूला, कडेच्या खुर्चीवर होते. घरच्या लाडवातून ऐकलेलं आणि हे, यात कॅलेंडरवरचा समुद्र आणि मांडवीचा समुद्र एवढा फरक होता. तो सूर कानांनी ऐकायचाच नव्हता. तो खुर्चीच्या पत्र्यातून पाठीत आला, फरशीतून तळपायांत आला. शेजारच्या बाईंच्या पर्सची साखळी थरथरायला लागली. मागची पोरं मोबाइल खाली ठेवून बसली. डीजेकडून त्यांना जे हवं असतं, छातीत काहीतरी धडधडणं, ते त्यांना बहुधा मिळालं होतं.

व्हायोलिनं बाजूला झाली. एकेक करत सगळे बाजूला झाले. सूर एकटा राहिला, त्यातली वस्ती जागी झाली, पक्षी ओरडला, कोणीतरी हसलं. आणि मग तो थांबला. तुटला नाही. वाजवणाऱ्यानं तो उचलून हलकेच बाजूला ठेवला. सभागृहात टाचणी पडली असती तर तिलाही लाज वाटली असती.

"वा रे पुता!"

बाईचा आवाज. मोठा, खणखणीत, पाठीवर हात टाकणारा.

लगेच दुसरा आवाज. "श्शऽऽ!"

दादासाहेब ताडकन वळले. रत्नागिरीच्या सभागृहात अस्सल कोकणी बाई ओरडली म्हणजे ती बायकांच्या बाजूला बसलेली असणार, यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि थेट माझ्याकडे बघून तिसरा आवाज काढला. "श्शऽऽ! भगिनींनी कृपया!"

"कोण गो ती?" शेजारच्या बाई मला म्हणाल्या. "तू?"

"मी नव्हे हो!" मी म्हटलं, आणि त्याबद्दल मला आणखी एक श्श मिळाला. मागच्या पोरांपैकी कोणीतरी हसून तेच ओरडलं, "वा रे पुता!" दुसऱ्यानं शिट्टी मारली आणि मग, आता दाद द्यायची असते असं वाटून, त्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. रचना चालूच होती. व्हायोलिनं परत फलाटाला लागत होती. ती मला ऐकू येत नव्हती. तो आवाज मी पंचवीस वर्षं कुंपणापलीकडून ऐकला होता. त्या आवाजानं माझ्या स्कूटरला दाद दिली होती.

मी भाऊंकडे बघितलं. एवढे श्श झाले, पण भाऊ उठले नाहीत. वचन दिलं होतं हे खरं, पण वचन पाळणाऱ्याची बैठक वेगळी असते. भाऊ दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मान जरा पुढे काढून, स्पीकरकडे तोंड करून बसले होते. स्टँडवर शेवटची गाडी गेल्यावरही माणूस कधीकधी रस्त्याकडे बघत राहतो, तसे.

कार्यक्रमानंतर दादासाहेबांनी श्रोत्यांच्या शिस्तीबद्दल चार शब्द सांगितले. आम्ही दोघं चालत निघालो. मांडवीच्या बाजूनं वारा येत होता. मीच म्हटलं, "वहिनी होत्या."

"होय. लागली ना तुम्हाला ओळख? घरी कोणाला लागली नाय. दूधवाला म्हणाला, काका, तुमच्या मागच्या गल्लीत भांडण चाललंय."

"मलाही नाही लागली, भाऊ. मी खिडकीतून बघितलं होतं."

"म्हणून तर मोठ्या हॉलमध्ये."

मग त्यांनी सांगितलं. ॲडलेडला मेधानं याच कार्यक्रमाची तिकिटं काढली होती. स्वस्तातल्या जागा, वाद्यवृंदाच्या पाठीमागे, वाजवणाऱ्यांच्या अगदी जवळ. वरून माइक लोंबत होते, कार्यक्रम रेडिओवर जायचा होता. डिजेरिडूवाला म्हातारा होता, पांढऱ्या दाढीचा. त्याचे गाल कसे भरतात ते बघत वहिनी पुढे सरकून बसल्या होत्या.

"आणि तो थांबला, तसा ही ओरडली. हजार-दोन हजार माणसा, सगळी गोरी, सगळी सुतकात बसल्यासारखी. मला मेल्याहून मेल्यासारखा झाला. मी श्श केला. तुम्ही आज जो पहिला ऐकलात ना, तो माझा."

मी चालण्याचा वेग कमी केला.

"पण बाई, तो म्हातारा वळला. मागे, हिच्याकडे. हसला, आणि असा हात ठेवलान छातीवर." भाऊंनी चालता चालता हात ठेवून दाखवला. "म्हणजे पुता कोणाला म्हटला ता पुताला कळला. मला नाय कळला. घरी जाताना ट्राममध्ये ही गप्प. मग म्हणते, काय वो, त्याला आवडला असेल ना? मी काय बोललो ठाऊक आहे? म्हटला, लोक बघत होते."

समुद्राकडून एक जोराचा वारा आला, तेवढा वेळ आम्ही थांबलो.

"रेडिओवाल्यांनी मात्र तसाच ठेवलानी," भाऊ म्हणाले. "ही गेल्यावर मेधानं पाठवलान. आज नीट आला. 'रे' जरा ओढलेला असायचा तिचा, तोपण आला. अजून वर्षभरानं आला असता की नाय, काय सांगावा."

माझा एक भाचा पुण्यात ध्वनिमुद्रणाचंच काम करतो. कोणाचं दुःख समोर आलं की काहीतरी उपयोगी बोलायची मला खोड आहे. मी म्हटलं, "भाऊ, हल्ली त्यातला नको तो आवाज पुसता येतो. वहिनींचा वाढवायचा आणि तुमचा तो श्श काढून टाकायचा. माझा भाचा सहज करून देईल. कोणाला पत्तासुद्धा लागणार नाही."

भाऊ थांबले. रस्त्याच्या दिव्याखाली त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवरुखची गाडी विचारली आणि भलत्याच फलाटावर उभी आहे.

"नको हो बाई," ते म्हणाले. "श्श काढलात, तर ती एकटीच गेली होती असा वाटेल."